गुंड्याची वही

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी, खिळ्याला दोरीने बांधलेली एक दोनशे पानी वही टांगलेली असते. तिच्या पहिल्या पानावर यजमानांच्या वळणदार अक्षरात ‘गुंड्या : मधुमेह’ असे लिहिले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचे हसू येते. मांजराला मधुमेह, आणि वर त्याची वही! पूर्वी मलाही हसू आले असते. परंतु या वहीने गेल्या वर्षभरात आमच्या घरातील एका नव्हे, दोन जिवांना सांभाळले आहे. त्यातील दुसऱ्या जिवाविषयी लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. अखेर, ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांनीच ‘लिही’ म्हटले, म्हणून लिहीत आहे.

साताऱ्याच्या घरी आता आम्ही दोघेच असतो. यजमानांचे वय ७८, माझे ७२. ते शाळेत विज्ञान शिकवीत. मी टपाल खात्यात होते. मुलगा नोकरीनिमित्त बेंगळुरूला आहे. गुंड्या हा आमचा बोका अकरा वर्षांपूर्वी ऐन पावसात मागच्या पडवीत येऊन ओरडत बसला आणि मग घरचाच झाला. त्याची नसबंदी करून घेतली, तेव्हापासून तो अंगाने भरत गेला. नावाप्रमाणेच गुबगुबीत, दिवसभर लोळणारा, आणि दूधभातावर मनापासून प्रेम करणारा.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो फार पाणी पिऊ लागला. स्वतःचे भांडे संपवून तो न्हाणीघरातल्या बादलीशी जाई, तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीतले पाणी चाटी. त्याच्या मातीच्या घमेल्यात ओल्या मातीचे गोळे मोठे होऊ लागले. भूक तर वाढलेली, पण पाठीचा कणा हाताला लागू लागला. ‘उन्हाळा आहे’, ‘वय झाले’, अशी आम्ही एकमेकांची समजूत घातली. पुढे तो मागच्या पायांच्या पंजांवर न चालता घोट्यापर्यंतचा पाय जमिनीला टेकवून, बसल्यासारखा चालू लागला, तेव्हा मात्र पोटात धस्स झाले. आश्चर्य असे की १८ वर्षांपूर्वी यजमानांना मधुमेह झाला, तेव्हाही हीच लक्षणे होती आणि तेव्हाही आम्ही ती उन्हाळ्यावरच ढकलली होती. घरात एक मधुमेही असूनही दुसरा आम्हाला ओळखता आला नाही.

आमचे पशुवैद्य तरुण आहेत, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी रक्त तपासले. साखर ३८० च्या वर. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ते म्हणाले, “काकू, मांजर घाबरले की नुसत्या भीतीनेही त्याची साखर चढते. दवाखान्यातल्या एका आकड्यावर मी इन्शुलिन सुरू करणार नाही.” त्यांनी लघवीतील साखर पाहिली आणि फ्रुक्टोसामीन नावाची चाचणी करवली. मागील दोन-तीन आठवड्यांत साखर सरासरी किती राहिली असावी याचा अंदाज त्या चाचणीतून येतो; घटकाभराच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. दोन्हींतून निदान पक्के झाले. मागचे पाय वाढलेल्या साखरेमुळे नसा दुखावल्याने असे पडत होते. साखर आटोक्यात आली तर ते सुधारू शकतात, असेही त्यांनी सांगितले.

मांजरांचा मधुमेह बहुधा माणसांच्या ‘टाइप २’ प्रकाराशी मिळताजुळता असतो. वाढते वय, लठ्ठपणा, नसबंदी झालेला नर, घरातले बैठे जीवन, या साऱ्या गोष्टी गुंड्याला लागू होत्या. मात्र माणसांप्रमाणे गोळ्यांनी सुरुवात न करता डॉक्टरांनी त्याला थेट इन्शुलिन द्यायचे ठरवले. ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, सुरुवातीला केवळ एक युनिट. (ही मात्रा गुंड्याची. वाचकांनी आपल्या मांजराची मात्रा आपल्या पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावी.)

माझे हात कापत होते. यजमान मात्र शांत होते. सहा वर्षांपासून ते स्वतः रोज दोन वेळा इन्शुलिन टोचून घेत. ते म्हणाले, “अगं, मी रोज घेतो तेव्हा तुला काही वाटत नाही, आणि याच्यासाठी एवढं?” मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचे प्रयोग कुत्र्यांवर केले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले, हे त्यांनी मला आणि गुंड्याला दोघांनाही सांगितले. “प्राण्यांचं आपल्यावर ऋण आहे. ते थोडं फेडू,” असे म्हणून त्यांनी सुई हातात घेतली.

कृती खरोखरच सोपी निघाली. गुंड्या खाण्यात गुंतला की खांद्यामागची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची. तिचा छोटा तंबू होतो. त्या तंबूच्या पायथ्याशी सुई अलगद शिरवून औषध सोडायचे. जागा रोज थोडी बदलायची. सुई इतकी बारीक असते की त्याने ताटलीतून तोंडही वर केले नाही. आधी खाणे, मग सुई, हा क्रम डॉक्टरांनी बजावून सांगितला होता. मांजराने खाल्ले नाही किंवा उलटी केली, तर नेहमीची मात्रा आपल्या मनाने द्यायची नाही, आधी फोन करायचा.

खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. आमच्या फ्रिजमध्ये आता दोन इन्शुलिने होती. यजमानांचे दुधाळ रंगाचे, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले. त्याची सिरिंज लाल टोपणाची. गुंड्याचे पाण्यासारखे स्वच्छ, मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेले. त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. शंभराचे औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले, तर एका युनिटच्या खुणेवर अडीच युनिट जातात. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा घोटाळा वाईटच. चार-पाच किलोच्या जिवाला तो घातक ठरू शकतो. म्हणून मी दोघांचे डबे निराळे केले. गुंड्याचा स्टीलचा, यजमानांचा प्लास्टिकचा. औषध बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे नाही, हलवून फेस आणायचा नाही, आणि वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत जमवायच्या, म्हणजे कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला त्या टोचणार नाहीत, हे नियम तेव्हाच ठरले.

आहाराने मात्र आमची परीक्षा पाहिली. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी. त्याला गोड चवसुद्धा कळत नाही आणि पिष्टमय पदार्थांची गरजही फारशी नसते. मी इतकी वर्षे लाडाने घातलेला दूधभात आणि कोरडे दाणेदार खाद्य बंद झाले. त्या जागी प्रथिने जास्त आणि पिष्ट कमी असलेले, मांजरांसाठीच तयार केलेले ओले खाद्य आले. आमच्या घरात कधी अंडेही शिजले नव्हते. पहिले काही दिवस मी ते पाकीट मागच्या पडवीत, नाकाला पदर लावून उघडी. पुढे पदर सुटला. नुसती उकडलेली कोंबडी घालणेही योग्य नाही. त्यात मांजराला लागणारी सगळी द्रव्ये नसतात, असे डॉक्टरांनी सांगितले. वजन उतरवण्यासाठी मांजराला उपाशी ठेवणे तर धोक्याचे, त्याने त्याचे यकृत बिघडते. आपल्याकडील उपवासाचे गुणगान मांजराला लागू नाही.

वहीची कल्पना यजमानांची. आयुष्यभर मुलांच्या प्रयोगवह्या तपासलेल्या माणसाने रकाने आखले : तारीख, वेळ, खाणे, साखर, मात्रा, निरीक्षण. सकाळी सातची मात्रा मी द्यायची, संध्याकाळी सातची त्यांनी. साखर तपासण्यासाठी कानाच्या कडेची जागा निवडायची. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल कानाला क्षणभर लावला की रक्त सहज येते. कानामागे कापसाचा बोळा धरला की आपले बोट वाचते. आम्ही यजमानांचाच ग्लुकोमीटर वापरतो. माणसांच्या मीटरवर मांजराचा आकडा प्रत्यक्षापेक्षा काहीसा कमी दिसतो, ते लक्षात घेऊन डॉक्टर आमचे आकडे वाचतात. मीटर मात्र सारखा बदलायचा नाही. ठरावीक दिवशी दर दोन तासांनी साखर पाहून आलेख काढायचा. त्यावरून औषधाचा जोर केव्हा सर्वांत जास्त असतो आणि साखर कुठवर उतरते ते कळते. मात्रा हळूहळू दोन युनिटांवर स्थिरावली. दसऱ्याच्या सुमारास गुंड्या पुन्हा पंजांवर उभा राहू लागला होता.

त्याच नवरात्रात ती रात्र आली. मी देवीच्या देवळात कीर्तनाला गेले होते. नऊला परतले, यजमान वर्तमानपत्र वाचत होते. वहीत सातची नोंद होती. साडेअकराच्या सुमारास मला खाटेखालून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. दिवा लावून पाहिले, तर गुंड्या उठायचा प्रयत्न करीत होता आणि कलंडत होता. डोळे विस्फारलेले, अंगाला थरथर. मीटरने ३८ हा आकडा दाखवला.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेले आठवले. बोटाला मध लावून मी त्याच्या हिरड्यांवर चोळला. घशात ओतायचे नाही. गिळण्याचे भान नसेल तर ते श्वासनलिकेत जाते. थोड्या वेळाने त्याने मान सावरली, ताटलीतले दोन घास चाटले. डॉक्टरांनी फोनवर लगेच घेऊन यायला सांगितले. शेजारच्या मुलाने गाडी काढली. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज लावले. दीर्घकाळ काम करणारे औषध जास्त गेले, तर मधाने आलेली साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून पहाटेपर्यंत तिथेच बसलो. यजमान बाकावर हात जोडून बसले होते. “मी एकदाच दिलं गं,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

घरी आल्यावर मी सिरिंजांचे पाकीट मोजले. दहाचे पाकीट मी त्याच दिवशी सकाळी उघडले होते. सकाळची एक, संध्याकाळची एक. आठ उरायला हव्या होत्या. सात होत्या.

हळूहळू उलगडा झाला. सातला त्यांनी सुई दिली. तेवढ्यात मुलाचा फोन आला. अर्धा तास बोलणे झाले. परत येऊन पाहिले तर वही कोरी. आपण मात्रा द्यायची विसरलो, असे समजून त्यांनी दुसरी दिली आणि मग नोंद केली. वही कोरी होती, म्हणूनच हे घडले. ज्या वहीवर आम्ही विसंबलो होतो, तिनेच त्यांना फसवले.

चूक कोणाच्याही हातून झाली असती. फोन आल्यावर मीही विसरले असते. मी तेच त्यांना सांगितले आणि ते मलाही पटले होते. पण दुपारी त्यांची इन्शुलिनची बाटली संपत आलेली दिसली आणि मनात पाल चुकचुकली. ती बाटली दहा मिलिलिटरची, म्हणजे ४०० युनिटांची. यजमान सकाळी १६ आणि रात्री १० युनिट घेत, दिवसाला २६. बाटली पंधरा दिवस पुरायला हवी. मी औषधांची सगळी बिले खिळ्याला अडकवून ठेवते; ती नोकरीतली सवय. बिले काढून तारखा पाहिल्या. उन्हाळ्यापर्यंत दर पंधराव्या दिवशी बाटली आणलेली होती. अलीकडच्या तीन बाटल्या मात्र बारा-तेरा दिवसांतच संपल्या होत्या. दर बाटलीमागे चार-पाच मात्रा जास्त गेल्या होत्या.

मग मागच्या काही महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी आठवल्या. पहाटे घामाने भिजलेली बंडी, जिला मी उकाडा म्हटले होते. रात्री उठून बिस्किटे खाणे, ज्यावरून मी त्यांना बोलले होते. जेवणाआधीची चिडचिड, जिला मी स्वभाव म्हटले होते. मांजराच्या अंगाची थरथर मी क्षणात ओळखली. शेजारी झोपणाऱ्या माणसाची मात्र ओळखली नाही. हे लिहिताना अजूनही हात थबकतो.

त्यांना सांगायचे कसे? ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या, त्याला ‘तुम्ही विसरता’ असे तोंडावर म्हणणे मला जमेना. मी बिले आणि कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “अहो, माझा हिशेब कुठेतरी चुकतोय. जरा तपासून देता?” त्यांनी चष्मा लावला, भागाकार केला, पुन्हा केला. मग बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले, तर ते वही घेऊन बसले होते. गुंड्याच्या रकान्यांशेजारी त्यांनी पट्टीने एक उभी रेघ मारली होती आणि वर स्वतःचे नाव लिहिले होते.

त्या आठवड्यात आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, बिलांसह. स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या, रक्त तपासले. बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. मधुमेहाची एक नेहमीची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. ते भरून काढले. इन्शुलिनचा प्रकार बदलून दिवसातून एकच मात्रा ठेवली. काही गोष्टी सुधारल्या. काही सुधारणार नाहीत, हे डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितले. विस्मरणाची सुरुवात झाली आहे. तिचा वेग मंद आहे.

अनेकांनी सुचवले, ‘आता सगळे तूच बघ, त्यांच्या हातात सुई देऊ नकोस.’ त्यात मायाच होती. पण माणसाच्या हातून एकेक काम काढून घेतले की त्याच्याजवळ उरते काय? आम्ही वेगळा मार्ग काढला. रोज सकाळी मी स्टीलच्या डबीत त्या दिवसाच्या मोजून तेवढ्याच सिरिंजा ठेवते. बाकीचे पाकीट कुलपात. यजमानांची मात्रा सकाळी माझ्यासमोरच होते. संध्याकाळी डबीत गुंड्याची एकच नारिंगी टोपणाची सिरिंज उरते. डबी रिकामी, म्हणजे मात्रा झाली. आठवणीवर काही सोपवायचे नाही. नोंद सुई देण्याआधीच, औषध भरताना करायची. सात वाजता फोन वाजला तर वाजू द्यायचा. मुलालाही तसे सांगितले आहे.

आणि सर्वांत वरचा नियम, जो यजमानांनी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे : ‘शंका आली तर देऊ नये.’ गुंड्याच्या डॉक्टरांनी तो समजावून सांगितला होता. एखादी मात्रा चुकली तर साखर काही तास चढते, पुढच्या मात्रेला उतरते. दुप्पट मात्रा मात्र रात्रीतून जीव घेऊ शकते. म्हणून दिली की नाही हे आठवत नसेल, तर दिली असेच समजायचे आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबायचे. हा नियम गुंड्यासाठी. माणसाच्या बाबतीत काय करायचे ते प्रत्येकाच्या औषधावर अवलंबून असते. आम्ही ते त्यांच्या डॉक्टरांकडून विचारून वहीतच लिहून घेतले आहे. तुमच्या घरी कोणी इन्शुलिन घेत असेल, तर आजच विचारून ठेवा. आणि औषधाची बाटली किती दिवस पुरते, तेही मोजा. माझ्या मते तपासणीच्या कागदाइतकेच ते औषधाचे बिल बोलके असते.

आता वर्ष झाले. गुंड्याची मात्रा पुन्हा एका युनिटवर आली आहे. योग्य आहार आणि नियमित उपचार मिळाले, तर काही मांजरांचे इन्शुलिन पुढे थांबवताही येते, असे डॉक्टर म्हणतात. गुंड्याचे तसे होईल की नाही, ते पाहू. तो भिंतीवर उडी मारतो, एवढे सध्या पुरे आहे.

मागच्या महिन्यात पाहुण्यांच्या गडबडीत मी डबीत सिरिंज ठेवायलाच विसरले. विसरणारी त्या दिवशी मी होते. संध्याकाळी मी बाजारातून येईपर्यंत सात वाजून गेले होते. गुंड्या खाऊन पाय चाटत बसला होता. मी वही पाहिली. सातच्या रकान्यात, थोड्या थरथरत्या पण स्वच्छ अक्षरात यजमानांनी लिहिले होते : ‘डबी रिकामी. दिल्याचे आठवत नाही. शंका. दिली नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंड्याची साखर ३१२ होती. मी ती वहीत लिहिली आणि सातची सुई दिली. मग यजमानांना हाक मारली. त्यांच्या रकान्यातली खूण त्यांनी स्वतःच्या हाताने केली.